माजी सैनिक आणि गावठी कुत्रा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात गोचिडांवर लिहिताना ओघात एक ओळ लिहून गेलो होतो, की अमेरिकेत लढाईवरून परतलेल्या आणि मनानं खचलेल्या सैनिकांना बेवारस कुत्री शिकवून सोबतीला देतात. गोचिडं राहिली बाजूला, पत्रांचा गठ्ठा आला तो त्या एका ओळीवर. नवल नाही. आपल्याकडे खेड, मंडणगड, दापोली पट्ट्यात घरटी कोणी ना कोणी फौजेत. महाडकडे तर गावाचं नावच फौजी आंबवडे. दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प’ म्हणतात, इंग्रजांच्या वेळेपासून पेन्शनर शिपाई तिथं घरं बांधून राहिले. मी स्वतः रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे फौजेची जनावरं सांभाळणाऱ्या दलात, कुत्री शिकवण्यात नोकरी काढली. आधी मेरठला, मग वर बर्फात. डॉक्टर मी माणसांचा नाही आणि जनावरांचाही नाही. उत्तरं त्या बेतानं वाचा. पत्रं थोडी आवरली आहेत, नावं सगळ्यांची गाळली आहेत.

आमचे मिस्टर राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण रात्री ओरडत उठतात आणि पहाटेपर्यंत पडवीत बसून राहतात. हायवेच्या कामाचे सुरुंग उडत होते तेव्हा माजघरातून बाहेर येत नसत. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा हे मागच्या दारानं काजूत निघून जातात, लोक विचारतात ‘मालक कुठं?’ गेल्या पावसाळ्यापासून एक तांबडी कुत्री पडवीत येऊन बसते. तिच्याशी बोलतात, आमच्याशी नाही. मुलगा म्हणतो हिलाच शिकवू. असं होतं का? – एक भगिनी, खेड तालुका

वहिनी, होतं. पण कुत्रीच्या आधी दोन गोष्टी.

तुम्ही जे लिहिलंत त्याला डॉक्टर लोक पीटीएसडी म्हणतात. जिवावरच्या प्रसंगाचा घाव मनावर राहतो आणि शरीर वर्षानुवर्षं पहाऱ्यावरच उभं असतं. १९८० साली या दुखण्याला डॉक्टरी पुस्तकात हे नाव मिळालं. त्याआधी पहिल्या महायुद्धापासून त्याला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि आपल्या गावात बाहेरचं लागलं म्हणत. अंगारा लावून झाला असेलच, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड कपाटात ठेवायला दिलेलं नाही. पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. ते यायला तयार नसतील तर तुम्ही १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याच टेलि-मानसचा वेगळा विभाग डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला. घरच्या बाईनं फोन केला तरी चालतो, आणि माझ्या मते पहिला फोन तिनंच करावा. झोप तिचीही मोडते.

दुसरी गोष्ट. रात्री ते ओरडले की खांद्याला धरून हलवू नका. माणूस त्या क्षणी घरात नसतो. पायाकडच्या बाजूला, हात पोचणार नाही इतकं लांब उभं राहायचं, दिवा लावायचा आणि नावानं हाक मारायची. फौजेत मारत असतील त्या नावानं मारलीत तर लवकर ऐकू जाते, हे मी बरॅकमध्ये पाहिलंय.

आता कुत्री. ती आपणहून आली आणि त्यांच्याजवळ बसते, हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मेहनतीचं. पहिल्यांदा तिची नसबंदी करून घ्या, रेबीजची लस द्या आणि नंतर दर वर्षी. मग ती या कामाची आहे का ते बघा. ती पाठमोरी असताना दहा-बारा हातांवर जर्मनचं पातेलं जमिनीवर टाका. दचकणारच, दचकू दे. बघायचं पुढचं. परत येऊन पातेलं हुंगते का, की भेदरून शेजारच्या वाडीत जाते आणि संध्याकाळपर्यंत फिरकत नाही? हुंगायला आली तर चांगली. पळून गेली तर पडवीत राहू दे, खाऊ घाला, पण तिच्यावर ड्युटी टाकू नका. तिला स्वतःचंच ओझं पुरे आहे.

रात्री उठवायचं शिकवणं असं. दिवसा करायचं, झोपेच्या वेळी नाही. मिस्टरांनी चटईवर आडवं व्हायचं आणि पाय हलवत राहायचे. कुत्री बघायला येते. तिचं नाक पायाच्या बोटांना लागलं रे लागलं की ‘शाब्बास’ आणि उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. हे जमलं की नुसतं नाक लावण्यावर तुकडा नाही, ढुसणी दिली तरच. मग त्यांनी कण्हायचं, जसं रात्री कण्हतात तसं. मग दिवा मालवून. सुरुवातीला तुकडा तुम्ही दिलात तरी चालेल, पण नंतर तो त्यांच्याच हातून मिळाला पाहिजे आणि तोही ते उठून बसल्यावर. म्हणजे कुत्रीच्या डोक्यात पक्कं बसतं, की हा माणूस उठून बसला तर माझं काम झालं. पायाकडूनच शिकवा. हात जोरात फिरतात तेव्हा तिचं तोंड तिथं नको. आणि तिला एकदा जरी झोपेत फटका बसला तर पुन्हा चटईपासून सुरू करा.

सगळं धरून काही महिने जातील. घाई केलीत तर कुत्री बिघडेल.

तुमच्या मुलाला आकडे हवे असतील तर हे घ्या. अमेरिकेत फ्लोरिडात २०११ पासून एक संस्था हे काम करते. एका आईनं ती काढली, तिचा मुलगा इराकहून असाच परत आला होता. त्यांची बरीचशी कुत्री निवाऱ्यांतून उचललेली. त्यांच्याकडच्या १५६ जणांचा अभ्यास २०२४ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. ८१ जणांना कुत्रा मिळालेला, ७५ जण वाट बघत असलेले, नेहमीचे उपचार दोन्हीकडे चालू. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कुत्रा असलेल्यांत हे दुखणं अजून आहे असं निघण्याची शक्यता ६६ टक्क्यांनी कमी होती. नैराश्य आणि घाबरटपणाही कमी. मात्र हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि तीन महिने म्हणजे फार काळ नव्हे. एवढं लक्षात ठेवून आनंद माना.

एक राहिलं. खायला तुम्ही घालू नका. सकाळ-संध्याकाळ त्यांनीच घालायचं, फिरायला त्यांनीच न्यायचं, पाऊस असला तरी. घरात सून म्हणेल ‘मी घालते ना बाबा, तुम्ही बसा.’ तिला सांगा, बसू द्यायचं नाहीये. माझ्या मते अर्धा गुण तिथंच आहे. सकाळी सहाला कोणीतरी आपल्यासाठी दारात उभं आहे म्हटल्यावर फौजी माणूस उठतो. शिमग्याला पालखीसमोर न्यायची घाई मात्र करू नका, यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. ढोल लांबून ऐकू येतात तिथपर्यंत दोघांनी जाऊन परत यावं, बस.

मी नेव्हीत होतो. गोळ्या चालू आहेत, त्यांनी दिवसभर गुंगी राहते. कुत्रा ठेवला तर गोळ्या बंद करता येतील का? दुसरं म्हणजे गावात आधीच ‘डोकं गेलंय’ म्हणतात. त्यात ‘वेड्याचा कुत्रा’ असं नवीन नाव पडायला नको. – एक माजी नौसैनिक, देवगड

साहेब, पहिल्याचं उत्तर नाही. या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, मळमळ, घालमेल, झोपेचं खोबरं, आणि दुखणं उलटतं. गुंगी येते हे डॉक्टरला सांगा. वेळ बदलून किंवा गोळी बदलून बघता येतं, आणि बोलून करायचे उपचारही असतात, ते विचारून घ्या. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं स्वतः मोठा अभ्यास केला. काहींना खास शिकवलेला कुत्रा दिला, काहींना नुसता गुणी घरगुती कुत्रा. दोन्हीकडे फरक पडला, शिकवलेल्या कुत्र्याच्या गटात त्रासाची लक्षणं थोडी जास्त उतरली. पण रोजची कामं किती जमतात यात दोन गटांत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे कुत्रा आला आणि माणूस उठून कामाला लागला, असं झालेलं नाही. गोळ्यांचा डबा तेवढा उंच फळीवर ठेवा, माणसाच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. देवगडात दारात कुत्रा नसलेलं घर कुठलं ते मला कळवा. कोणाला काही कळायचं कारण नाही. तिकडे परदेशात कुत्र्याच्या अंगावर जाकीट असतं, त्यावर लिहिलेलं असतं. तुम्हाला जाकीट घालायची गरज नाही. विचारलं तर सांगा, आंब्याच्या राखणीला ठेवलाय.

आम्ही मालवणात काही मित्रमैत्रिणी मिळून भटक्या कुत्र्यांसाठी काम करतो. सीझन संपला की पर्यटकांनी सोडलेली जातिवंत कुत्रीही किनाऱ्यावर सापडतात. यातली कुत्री शिकवून माजी सैनिकांना १५ ऑगस्टला भेट द्यावी असा विचार आहे. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, मालवण

पोरांनो, १५ ऑगस्टचं आधी डोक्यातून काढा. कुत्रा स्टेजवर हार घालून द्यायची वस्तू नाही. फोटो निघतील, पेपरात छापून येतील आणि दोन महिन्यांत तोच कुत्रा तुमच्याकडे परत येईल, नाहीतर जेटीवर.

मी का म्हणतो ते सांगतो. अमेरिकेनं २०११ ला असा पहिला सरकारी अभ्यास सुरू केला, तो पुढच्याच वर्षी थांबवावा लागला. काही कुत्री सैनिकांच्या घरातल्या लहान पोरांना चावली, काहींची तब्येत धड नव्हती. पैसा, माणसं, डॉक्टर सगळं असून हे झालं. निवड नीट झाली नाही की होतं. मग नियम कडक करून पुन्हा सुरू केला.

निवडीबद्दल. पिल्लू नको, मोठं झाल्यावर कसं निघेल सांगता येत नाही. साधारण एक ते तीन वर्षांचं जनावर बघा, स्वभाव ठरलेला असतो. जात विचारू नका. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या रानात एका खड्ड्यात सापडलेली स्मोकी नावाची दोन किलोचीही नसलेली कुत्री जखमी सैनिकांच्या खाटांवर हिंडायची, आणि माणसं तेवढ्यापुरती हसायची. मोठं कुत्रं लागतं ते अंगावर भार देऊन माणसाला शांत करायला, किंवा गर्दीत त्याच्या पाठीमागे उभं राहून जागा राखायला. रांगेत मागून कोणी चिकटलं की यांना घाम फुटतो, म्हणून ते काम.

हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तिथली कुत्री मी तासन्‌तास बघत बसतो. टोपल्या आपटतात, ट्रक मागे येतात, बायका एकमेकींवर ओरडतात, आणि हा गडी होडीच्या सावलीत झोपलेला. कान हलतो, डोळा उघडत नाही. आवाजाच्या बाबतीत याच्याइतकं तयार जनावर मेरठलाही सहज मिळायचं नाही. पण त्याच्यासमोर एक बांगडा टाका आणि हात पुढे करून बघा! गुरगुरला तर घरात पोरं असलेल्या सैनिकाला तो चालणार नाही. आवाज, अनोळखी माणूस, खाण्यावर हात, मांजर, पोरांचा दंगा आणि एकटं सोडणं, एवढं वेगवेगळ्या दिवशी तपासा. बरीचशी नापास होतील. फौजेतही होतात. नापासांना चांगलं साधं घर बघा.

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरचा कुत्रा नसबंदी आणि लस करून जिथून उचलला तिथंच परत सोडायचा असतो. दत्तक दिलात तर रीतसर लिहून द्या, लसीचं कार्ड सोबत, म्हणजे उद्या कटकट नको.

आता माझं म्हणणं. तुम्ही कुत्री शिकवून सैनिकांना देऊ नका, सैनिकांनाच कुत्री शिकवायला बोलवा. हे माझ्या डोक्यातलं नाही. अमेरिकेत २०२१ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, त्याखाली पाच ठिकाणी पाच वर्षांसाठी हाच प्रयोग धरला. माजी सैनिक कुत्र्याला शिकवतात, आणि तो शिकवण्याचा वर्ग हाच त्यांच्या उपचाराचा भाग. कुत्र्याला हुकूम द्यायचा तर आवाज शांत लागतो. ओरडलं की कुत्रा बिथरतो आणि सगळं मुसळ केरात. माणूस कुत्र्यासाठी आवाज खाली आणतो, बायकोसाठी आणला नसेल. तुमच्याकडे कुत्री आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माणसांचे पत्ते आहेत. पत्रात ‘मानसिक’ हा शब्द लिहू नका, एक माणूस यायचा नाही. ‘श्वान प्रशिक्षणासाठी अनुभवी माजी सैनिक हवेत’ असं लिहा, खोटंही नाही ते. आठवड्याला एक सकाळ, चहा आणि कांदेपोहे. त्यातल्या कोणाची कोणत्या कुत्र्याशी गट्टी जमते ते आपोआप दिसेल. तो स्वतः विचारेल, ‘ह्याला नेऊ का घरी?’ तेव्हा द्या. आणि दिल्यावर दर महिन्याला जाऊन कुत्रा बघा, माणूस नव्हे. कुत्र्याची पाठ बारीक होत चालली, डोळे चुकवायला लागला, तर घरात काय चाललंय ते कळेल. तशी वेळ आली तर कुत्रा परत आणायची हिंमत पाहिजे. ती नसेल तर हे काम हातात घेऊ नका.

फौजेतून निवृत्त झालेला कुत्रा मिळेल का असंही तुमच्यातल्या एकानं विचारलंय. अशी कुत्री दत्तक देतात, मेरठच्या आरव्हीसी (रिमाउंट व्हेटर्नरी कोअर) केंद्राकडे अर्ज करावा लागतो. पण या कामासाठी मला ती पसंत नाहीत. २०११ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या पशुवैद्यांनीच सांगितलं, की लढाईवर गेलेल्या कुत्र्यांपैकी ५ टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना हेच दुखणं होतं. त्याला आता आराम द्या की, पुन्हा कशाला ड्युटी.

सासऱ्यांसाठी (माजी सैनिक) कुत्रा घ्यायचा म्हणतात. घरात दीड वर्षाचं मूल आहे, आमच्याकडे बिबट्या येतो आणि पावसात गोचिडं. मला सगळ्याचीच भीती वाटते. – एक सून, गुहागर तालुका

ताई, तीनही भीती खऱ्या आहेत, कोणी हसलं तर हसू दे.

मूल आणि कुत्रा एकटे कधीच सोडायचे नाहीत, कितीही गरीब कुत्रा असला तरी. त्याच्या खाण्याची जागा वेगळी, पोराचं रांगणं वेगळीकडे. चावलाच तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कुत्र्याची लस झालेली असली तरी डॉक्टरला दाखवायचंच.

बिबट्या कुत्र्यालाच येतो. त्यामुळे रात्री कुत्रा साखळीला खळ्यात बांधून ठेवणं म्हणजे त्याला ताट वाढून देणं. तो रात्री आतच पाहिजे. तसाही त्याचा उपयोग रात्री सासऱ्यांच्या खोलीतच आहे, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटतो. सासूबाईंना पटवायचं काम तुमचं.

गोचिडांवर मागच्या अंकात लिहिलंय, थोडक्यात: पावसाळाभर महिन्याची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानं, आणि रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघायचं. हे सासऱ्यांकडे द्या. लेप्टोची लसही द्या, आपल्याकडे शेतात पाणी तुंबतं आणि उंदीर आहेतच. सुकट घालू नका, मीठ फार असतं. काटे काढून बांगडा आणि भात चालतो.

मला दर काही महिन्यांनी मुंबईला अश्विनी हॉस्पिटलला जावं लागतं. माझा कुत्रा बरोबर असला की प्रवास सुसह्य होईल. रेल्वेत आणि हॉस्पिटलात नेता येतो का? – एक वाचक, रत्नागिरी

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली काम शिकवलेला कुत्रा दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात नेता येतो. नुसता सोबतीचा असेल तर तो हक्क नाही. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे हॉस्पिटलात आत सोडतील ही आशा ठेवू नका. वाद घालून तुमचीच तब्येत बिघडेल.

रेल्वेत दोनच वाटा. फर्स्ट एसीचा दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तर कुत्रा बरोबर राहू शकतो. नाहीतर गार्डच्या ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत, सामानासारखी पावती करून. स्लीपर, थ्री टायर, चेअर कार यांत चालत नाही. लसीचं कार्ड आणि पशुवैद्याचा दाखला जवळ ठेवा, पार्सल ऑफिसात गाडीच्या बऱ्याच आधी पोचा. ब्रेकव्हॅनच्या पेटीत मी माझा कुत्रा घालणार नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तर तुम्हीही घालू नका, आत भट्टी असते. शिवाय जो कुत्रा जवळ असावा म्हणून नेताय तो सहा-सात तास दुसऱ्या डब्यात. काय उपयोग?

मी तुमच्या जागी असतो तर आधी डॉक्टरला विचारलं असतं, की मधल्या एखाद-दुसऱ्या भेटी फोनवर होतील का. जायचंच असेल तर जोडीला माणूस घ्या, दाराजवळची बाजूची सीट मागा, आणि कुत्रा ज्याच्याकडे ठेवणार त्याच्या हातून आदल्या आठवड्यापासूनच एक वेळचं खाणं सुरू करा. नाहीतर तुम्ही गेल्यावर तो दोन दिवस ताटाला तोंड लावणार नाही, आणि तुम्ही हॉस्पिटलच्या रांगेत बसून त्याचीच काळजी करत राहाल.